पिकअपच्या हौद्यावरचा कॅम्पर शेल आणि घरच्या घरी करायचे बदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौद्यावर शेल चढला की दुसऱ्याच दिवशी माणसाच्या हातात ड्रिल येतं. खाली जमवलेले प्रश्न लोक पुन्हा पुन्हा पाठवतात, आणि त्यातले बरेचसे अशा घाईत पाडलेल्या भोकांमधून निघालेले आहेत. सुरुवातीला साधे आणि पुढे अडचणीचे असा क्रम आहे. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला, तर तिथे क्रमांक दिला आहे.

१. कॅम्पर शेल म्हणजे नेमकं काय? टॉपर, कॅनोपी, कॅप ही सगळी एकाच वस्तूची नावं का?

हो. हौद्याच्या कडांवर बसणारं, काढता येणारं टणक छप्पर म्हणजे शेल. अमेरिकेत त्याला टॉपर किंवा कॅप म्हणतात, ऑस्ट्रेलियात कॅनोपी. त्याला स्वतःचा तळ नसतो, गाडीचा हौदा हीच त्याची जमीन. ट्रक कॅम्पर ही वेगळी चीज आहे. ती तळासकट, बिछान्यासकट हौद्यात उतरवलेली अख्खी खोली असते आणि तिचं वजन काही शे किलो भरतं. या पानावर फक्त शेलबद्दल लिहिलं आहे.

२. जुना शेल स्वस्तात मिळतोय. माझ्या गाडीला बसेल का?

मापं घेतल्याशिवाय हो म्हणू नका. हौद्याची लांबी कडेवरून मोजा. रुंदी पुढे वेगळी आणि फाळक्यापाशी, म्हणजे हौद्याच्या मागच्या खाली पडणाऱ्या झडपेपाशी, वेगळी असू शकते, म्हणून दोन्हीकडे घ्या. केबिनची उंची आणि कडेचा आकार, म्हणजे ती सपाट आहे की गोलसर, हेही पाहा. एकाच मॉडेलच्या दोन पिढ्यांचे हौदे सर्रास वेगळे असतात, त्यामुळे ‘त्याच गाडीचा आहे’ हे विकणाऱ्याचं वाक्य पुरावा म्हणून धरू नका. रुंदीत थोडा फरक असेल तर जाड सील लावून भागतं. लांबीत फरक असेल तर शेलचं मागचं दार फाळक्यावर नीट टेकत नाही, आणि तो शेल आयुष्यभर गळतो.

हौद्यात प्लास्टिकचं तयार अस्तर असेल आणि त्याची कड वर वळून पत्र्यावर आली असेल, तर ती कड कापावी लागते. शेल पत्र्यावरच बसला पाहिजे. प्लास्टिकवर बसला तर शेल कडेला आवळून धरणारे क्लॅम्प हळूहळू ढिले होतात.

३. फायबर घ्यावा की अ‍ॅल्युमिनियम?

फक्त सामान झाकायचं आणि अधूनमधून झोपायचं असेल तर फायबर, म्हणजे काच-तंतू घातलेलं प्लास्टिक. तो दिसायला चांगला, गाडीच्या रंगाशी जुळतो, आणि गळतीच्या जागाही कमी असतात, कारण तो बहुतेक एकसंध असतो. छतावर वजन ठेवायचं असेल, आत फळ्या-खुंट्या ठोकायच्या असतील, तर चौकट असलेला अ‍ॅल्युमिनियमचा घ्या. चौकटीत बोल्ट घालायला धड जागा मिळते. मात्र तो आवाज जास्त करतो, थंडीत लवकर गार पडतो, आणि चारी बाजूंनी धातू असल्यामुळे आत मोबाइलचं आणि जीपीएसचं सिग्नल कमजोर होतं. फायबरमधून सिग्नल आरपार जातं.

४. काम सुरू कुठून करू?

रिकाम्या शेलमध्ये दोन-तीन रात्री झोपा. फक्त गादी, पांघरूण, टॉर्च. डोकं कुठल्या बाजूला ठेवता, बूट कुठे काढता, रात्री पाण्याच्या बाटलीसाठी हात कुठे जातो, हे सगळं तेव्हा कळतं. माझ्या पहिल्या शेलमध्ये मी आधी कपाटं केली आणि मग झोपायला गेलो. उजवीकडचं कपाट महिन्याभरात काढावं लागलं, कारण कूस वळताना गुडघा रोज त्यावरच आपटायचा. भोकं मात्र तिथेच राहिली.

क्रम म्हणाल तर आधी गळती, मग हवा, मग बिछाना, आणि वीज सगळ्यात शेवटी. बहुतेक जण बरोबर उलट्या क्रमाने जातात.

५. माझी गाडी दोन टनांचा ट्रेलर ओढते. मग मागे चारशे किलो ठेवले तर काय बिघडलं?

ओढणं वेगळं आणि अंगावर वाहणं वेगळं. तुमच्या उपयोगाचा आकडा म्हणजे गाडीचं कमाल अनुज्ञेय वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन. तो आकडा बहुधा चालकाच्या दारापाशी लावलेल्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत सापडतो. शेल, माणसं, पाणी, कुत्रा, सगळं त्यातच बसवायचं.

समजा हा आकडा ७०० किलो आहे. दोन माणसं १५०. फायबरचा शेल साधारण ७० ते १००. पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो. फ्रिज, बॅटरी, शिधा मिळून ७०. इथेच साडेतीनशे झाले, आणि लाकूडकामाला अजून हात लावलेला नाही. आठ बाय चार फुटांची १८ मिलिमीटरची एक प्लाय ३० किलोच्या वर जाते, १२ मिलिमीटरची २० च्या आसपास राहते. म्हणून १८ ची प्लाय बिछान्याला वापरू नका. १२ ची घेऊन खाली दर ४० सेंटिमीटरवर आधार द्या, पुरेशी होते.

जड वस्तू मागच्या आसाच्या पुढे, केबिनच्या बाजूला आणि खाली ठेवा. काम झालं की पूर्ण भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर न्या. अंदाज नेहमी कमीच निघतो.

६. शेल सरकतो. कडेलाच बोल्ट मारू का?

आधी क्लॅम्प तपासा. छोट्या हौद्याला चार, लांब हौद्याला सहा लागतात. बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, कारण खालचं सील दबून बसतं आणि क्लॅम्प ढिले पडतात. तरीही सरकत असेल तर सील जुनं होऊन चपटं झालं असेल, ते बदला. हौदा फायबर-संमिश्र असेल तर पान्याला जोर लावू नका. उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कपर्यंतच, म्हणजे पिळाच्या तेवढ्याच जोराने आवळायचं, नाहीतर कड दबते. बोल्ट मारलात की गाडीच्या पत्र्याला गंजायला जागा मिळाली, हे धरून चला.

७. फायबरला भोक पाडताना वरचा थर टवके उडून निघतो. काय चुकतं?

वरचा चकचकीत थर जेलकोटचा असतो, कडक आणि ठिसूळ. जागेवर मास्किंग टेप लावा. सुरुवातीला ड्रिल उलट्या दिशेने फिरवा, म्हणजे पातं खोदण्याऐवजी घासत आत शिरतं. जेलकोट पार झाला की सरळ फिरवा. आधी बारीक भोक, मग मोठं. भोकाच्या तोंडाशी हलका उतार काढलात तर पुढे तिथून तडा जात नाही.

खिडकीसारखं मोठं कापायचं असेल तर जिगसॉला बारीक दात्यांचं किंवा कार्बाइडच्या कणांचं पातं लावा. कोपरे काटकोनी ठेवू नका, गोलाई द्या. चष्मा, पूर्ण बाह्या आणि धुळीसाठीचा श्वसनमास्क घाला. नाकाला रुमाल बांधून काच-तंतूंची धूळ अडत नाही. ती त्वचेत घुसली की दोन दिवस खाजवत बसाल.

बोल्टच्या आतल्या बाजूला रुंद वॉशर किंवा पट्टी हवीच. फायबरमध्ये नुसता स्क्रू फिरवला तर तो आज धरतो आणि खडबडीत रस्त्यावर सुटतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा बोल्ट वापरत असाल तर मध्ये नायलॉनचं वॉशर घाला. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि पांढरी पूड दिसू लागते.

८. फट बुजवायला सिलिकॉन चालेल ना? घरात आहेच.

नको. सिलिकॉनचा पातळ थर मागे राहतो आणि त्यावर पुढे रंग, जेलकोट किंवा नवं सीलंटसुद्धा धड चिकटत नाही. खिडकीच्या चौकटीखाली किंवा कुठल्याही पट्टीखाली ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबराची पट्टी लावा. ती वर्षानुवर्षं मऊ राहते आणि दुरुस्तीच्या वेळी निघतेही. बाहेरून दिसणाऱ्या सांध्याला पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमर जातीचं सीलंट. कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन मात्र जे कधीच काढायचं नाही त्यालाच लावा. खिडकी कधीतरी काढावी लागतेच.

९. पावसात पाणी येतं, पण कुठून ते सापडत नाही. सगळीकडे सीलंट लावलं.

सगळीकडे लावलं तिथेच घोळ झाला. पाणी एका जागी शिरतं आणि आतल्या बाजूने वाहत दुसरीकडे टपकतं. आता ओघळ कुठला हेही कळणार नाही.

आतलं अस्तर जमेल तेवढं बाजूला करा. एक जण आत टॉर्च घेऊन बसेल, दुसरा बाहेर पाइप धरेल. पाणी खालून वर न्या. आधी हौद्याची कड, पाच मिनिटं. मग खिडकीची खालची बाजू, मग उभ्या कडा, मग वर. छतापासून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळेल आणि काहीच कळणार नाही. दाबाचा फवारा वापरू नका, तो चांगल्या सीलमधूनही आत शिरतो.

नेहमीचे दोषी तीन. पुढच्या भिंतीखाली केबिनच्या बाजूचं सील, फाळक्याचे खालचे दोन कोपरे, आणि सरकत्या खिडकीच्या खाचेतली पाणी बाहेर जायची भोकं, जी चिखलाने बुजलेली असतात. ही तिसरी गोष्ट टाचणीने दोन मिनिटांत सुटते. माणसं त्यासाठी अख्खी खिडकी बदलायला निघतात.

पाऊस नसतानाही सकाळी ओलं असेल तर ती गळती नव्हे. प्रश्न १२ पाहा.

१०. कच्च्या रस्त्यावर आत सगळी धूळ. फाळक्याला सील लावलं तरीही.

चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी असतो. तिथे घोंघावणारी धूळ फाळक्याच्या फटींतून आत ओढली जाते. सील लावलंत हे चांगलं केलंत, विशेषतः फाळक्याच्या बिजागरीकडची खालची फट बुजवली असेल तर. पण उपायाचा दुसरा अर्धा भाग पुढे आहे. शेलच्या पुढच्या बाजूला, छताजवळ, एक झडप बसवा आणि चालताना ती उघडी ठेवा. आत थोडा दाब तयार होतो, मग मागच्या फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. झडपेला फिल्टर लावला तर उत्तमच.

११. थोड्या अंतरासाठी मुलांना मागे शेलमध्ये बसवलं तर? खिडकी उघडी ठेवू.

नाही. जो कमी दाब धूळ ओढतो, तोच गाडीचा धूरही ओढतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात पिकअपच्या मागे बसून विषबाधा झालेल्या २० मुलांची नोंद आली होती. त्यातली १७ टणक बंद शेलखाली बसलेली होती आणि ३ ताडपत्रीखाली. खिडकी उघडल्याने धोका जात नाही, मागची खिडकी उघडी असेल तर उलट वाढू शकतो. शिवाय तिथे ना सीट ना पट्टा. याला अपवाद विचारू नका.

१२. थंडीत सकाळी छताला आतून घाम सुटतो, गादी खालून ओली. शेल गळका आहे का?

गळका नाही, तुम्ही श्वास घेताय. २० अंश तापमानाची हवा घनमीटरमागे फार तर १७ ग्रॅम वाफ धरू शकते, ५ अंशांची जेमतेम ७ ग्रॅम. शेलच्या आत जागा असते अडीच-तीन घनमीटर. म्हणजे आतली सगळी हवा मिळून पन्नासेक ग्रॅम वाफ सांभाळणार, आणि झोपलेली दोन माणसं रात्रभरात त्याच्या कितीतरी पट बाहेर टाकतात. उरलेलं पाणी सगळ्यात गार पृष्ठभाग शोधतं. तो म्हणजे छत, काच आणि गादीखालची फळी.

उपाय पहिला, हवा खेळती ठेवा. एक फट खाली, एक वर, समोरासमोरच्या टोकांना. थंडी वाजेल म्हणून सगळं बंद करणं हीच सगळ्यांची चूक. पांघरूण वाढवा, खिडकी बंद करू नका. पावसातही उघडी ठेवता यावी म्हणून खिडकीवर छोटं छज्ज्यासारखं पान बसवा. दुसरा, गादी सरळ प्लायवर टाकू नका. खाली पट्ट्यांची चौकट किंवा जाळीदार चटई घाला, म्हणजे तिथेही हवा फिरेल. तिसरा, इन्सुलेशन म्हणजे उष्णता अडवणारा थर, पण तो उपाय एकटा अपुरा आहे. तो कसा लावायचा ते पुढच्या उत्तरात. आणि आत गॅस पेटवत असाल तर प्रश्न १९ वाचल्याशिवाय काहीच करू नका.

१३. चकचकीत बबल शीट चिकटवली, काही फरक पडला नाही. फसवणूक का?

ती शीट उष्णता परावर्तित करते, आणि त्यासाठी चकचकीत बाजूसमोर हवेची मोकळी पोकळी लागते, साधारण दोन सेंटिमीटर. पत्र्याला थेट चिकटवली की तिचं काम जवळजवळ संपलं. छताला बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा फोम लावा. एक्सपीएसची (कडक पॉलिस्टायरिन फोमची) पाटी सपाट भागाला, वळणाला लवचीक फोम. अधे-मध्ये फट राहिली तर ओली हवा मागे शिरून तिथेच पाणी धरते आणि आतल्या आत बुरशी येते, तेही तुम्हाला न दिसता. म्हणून पूर्ण चिकटवा, सांधे टेपने बंद करा. लोकर किंवा काचलोकर ओल धरून ठेवते, अशा जागी मी वापरत नाही.

धातूची चौकट उघडी ठेवलीत तर पाणी तिथेच जमेल. तिच्यावरही पातळ थर हवा.

१४. छताला चिकटवलेलं कापड उन्हात लोंबतं.

गोंद चुकीचा. साध्या फवाऱ्याचा गोंद बंद गाडीतल्या उन्हात मऊ होतो. उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट अधेसिव्ह दोन्ही बाजूंना लावा, हाताला चिकटेनासा झाला की मगच दाबा. जुना गोंद खरवडून, पुसून काढल्याशिवाय नवा धरत नाही.

१५. बिछान्याचा ओटा किती उंच करावा?

चाकांवरच्या उंचवट्यांच्या थोडा वर, म्हणजे पूर्ण रुंदी मिळते आणि खाली खण. पण आधी बसून पाहा. मोठ्या माणसाला मांडी घालून ताठ बसायला नव्वदेक सेंटिमीटर लागतात. केबिनइतक्या उंचीच्या शेलमध्ये ओटा आणि जाड गादी घातली की ही उंची हातची जाते. मग आठ दिवस मान वाकवून बसायचं. मला विचाराल तर बसता येणं हे खणांपेक्षा महत्त्वाचं. दोन तुकड्यांचा ओटा करा, अर्धा उचलून ठेवता येईल असा. हौद्याला भोकं पाडू नका, ओटा आतल्या सामान बांधायच्या कड्यांना पट्ट्याने आवळा. हौदा लहान असून तुम्ही उंच असाल तर कर्णावर झोपणं, किंवा फाळका खाली पाडून पाय त्यावर, हे दोनच मार्ग. दुसऱ्यात मागचा भाग कापडी तंबूने झाकावा लागतो.

१६. बॅटरी केवढी घ्यावी? आणि तार?

तुमचा खर्च वॉट-तासांत मोजा. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४५ वॉट घेतो, पण दिवसातला तिसरा हिस्साच चालतो असं धरलं तर ३६० वॉट-तास. २० वॉटचा पंखा आठ तास म्हणजे १६०. दिवे-मोबाइल ६०. बेरीज ५८०. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १,२८० वॉट-तासांची, म्हणजे दोन दिवस. तेवढ्याच आकड्याची लेड-अ‍ॅसिड अर्धीच वापरायची असते, म्हणजे एक दिवस. लिथियम शून्य अंशांखाली चार्ज करू नका, पेशी खराब होतात.

तारेत लोक कंजूषपणा करतात. समजा फ्रिज ५ मीटरवर आहे, म्हणजे तार जाऊन-येऊन १० मीटर, आणि त्या तारेवर सगळं मिळून १० अँपिअर चालतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जवळपास ०.७ व्होल्ट गळतो, १२ मधले जवळजवळ सहा टक्के. फ्रिज ‘बॅटरी कमी’ म्हणून बंद पडतो आणि दोष बॅटरीला. सहा चौरस मिलिमीटर घातली तर ०.३ च्या आत. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला लागूनच हवा. तो फ्रिजला नव्हे, तारेला वाचवण्यासाठी असतो.

१७. सोलर पॅनेल भोक न पाडता छतावर बसेल का?

बसतं. चिकट पायांवर किंवा मजबूत दुहेरी फोम टेपवर. पण टेप ज्या रंगावर चिकटतो, तो रंगच सुटला तर पॅनेलही गेलं. आधी मेण उतरवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि एक सुरक्षा-तार हौद्याला बांधा. पॅनेल थेट छताला चिकटवू नका. तापलं की उत्पादन घटतं, म्हणून खाली हवा हवी. कॅरियरची पट्टी त्यावर सावली पाडणार नाही असंही पाहा. एका पट्टीच्या सावलीने उत्पादन वाटतं त्यापेक्षा जास्त घटतं.

१८. शेलवर छतावरचा तंबू चालेल का? आत दोघं झोपू शकतात, मग शेल मजबूतच असणार.

उभ्या गाडीत शेल किती पेलतो आणि खड्ड्यात आपटताना किती, हे वेगळे आकडे आहेत. शेलच्या पुस्तिकेतला चालत्या गाडीचा आकडा बघा. साध्या फायबरच्या शेलचा तो कमी असतो, आणि तंबू नुसताच ५० ते ८० किलोचा. वजन छतावर न देता हौद्याच्या कडांवर उतरवणारी बाहेरची चौकट करा. किंवा आत उभ्या खांबांचा सांगाडा बसवा आणि छतावरच्या पट्ट्या त्याला जोडा.

१९. आत हीटर किंवा शेगडी?

गॅस जळताना पाणी तयार होतं. १ किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी, आणि तेही प्रश्न १२ मधल्या अडीच घनमीटरमध्ये. म्हणून आत पेटवायचा गॅस-हीटर ऊब देतो आणि सकाळी छताला धारा लावतो. कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहेच. झोपताना तो चालू ठेवायचा नाही, यावर चर्चा नाही.

डिझेल हीटर बाहेरून हवा घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, म्हणून तो कोरडी ऊब देतो. बसवताना धुराचा पाइप फाळक्याखाली नको, बाजूला काढा, आणि त्याची हवा घेणारी नळी धुरापासून दूर. सीओ (कार्बन मोनॉक्साइडचा) अलार्म उशीच्या उंचीला, झोपलेल्याला ऐकू येईल असा. गॅसचा सिलिंडर बाहेर किंवा तळाला भोक असलेल्या खोक्यात. गळका गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो.

२०. आत झोपलो आणि बाहेरून कडी लागली तर?

हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. बऱ्याच शेलचं टी-हँडल फक्त बाहेरून फिरतं, फाळकाही तसाच. आतून ओढायची तार किंवा लीव्हर पहिल्याच आठवड्यात बसवा. बाजूच्या खिडकीतून अंग बाहेर पडतं का, तेही एकदा दिवसाउजेडी करून पाहा.

२१. मागच्या दाराला टेबल बसवलं, आता दार डोक्यात पडतं.

दार वर धरून ठेवणारा गॅस स्ट्रट त्या वाढीव वजनासाठी नव्हता. त्यावर छापलेला न्यूटनचा आकडा वाचून वरच्या क्षमतेचा घ्या. दार बंद असताना दांडा खाली राहील असा लावा, म्हणजे आतलं तेल सीलला ओलं ठेवतं. गारठ्यात त्यांचा जोर कमी होतो, तो दोष नाही.

२२. केबिनमधून मागे थेट वाट काढता येईल का? आणि तिसरा ब्रेकलाइट झाकला गेला तर?

वाट निघते, पण ती कडक धातूची करू नका. केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात आणि रस्त्यावर वेगवेगळे वळतात. मधला जोड रबराच्या भात्याचाच हवा, नाहीतर काच फुटते. केबिन आणि शेलमधली दोन-तीन सेंटिमीटरची जागा त्याचसाठी ठेवलेली असते, तिथे फोम ठासून भरू नका.

वाट काढलीत की मागची हवा केबिनमध्ये येते, म्हणून प्रश्न ११ मधला धूरही आता चालकाचा प्रश्न झाला. फाळका आणि मागचं दार उघडं ठेवून गाडी चालवायची नाही, आणि अलार्म केबिनमध्येही लावा.

ब्रेकलाइट केबिनच्या मागे असेल आणि शेलने झाकला असेल, तर शेलच्या मागच्या बाजूला दुसरा लावून गाडीच्या त्याच तारेला जोडा. अमेरिकेत १९९४ च्या मॉडेलपासून हलक्या ट्रकांना हा दिवा सक्तीचा आहे, म्हणून तिथले शेल बहुधा तो घेऊनच येतात. जोडणीला मध्ये प्लग ठेवा. शेल उतरवताना तार तुटण्यापेक्षा प्लग निघालेला बरा.